न्या तोमासाला काय झालंय?

प्रोफे ओब्दुलिया दर गुरुवारी आजारी पडत. डोक्यावरून काळी शाल ओढून घ्यायच्या, वर्गासमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि कण्हायला लागायच्या. एकदा कण्हणं सुरू झालं की त्या शिकवणाऱ्या प्रोफे राहत नसत. कधी त्या ओली बाळंतीण असत, कधी ऊस तोडताना पाय कापून घेतलेला मजूर, तर कधी जत्रेत दारू पिऊन पडलेला कुणाचातरी काका. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी प्रश्न विचारायचे आणि आजार हुडकून काढायचा. जेवढं विचाराल तेवढंच उत्तर मिळेल, न विचारलेलं एक अक्षरही सांगणार नाही, असा त्यांचा नियम होता.

"पुस्तकातला रोगी सगळं ओकून मोकळा होतो," त्या म्हणत. "खाटेवरचा रोगी विसरतो, लाजतो, लपवतो, आणि काही गोष्टी त्याला सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. म्हणून संशय घ्या. दिसेल त्यावर घ्या आणि ऐकाल त्यावरही घ्या."

सुनिल्दाला हा तास फार आवडायचा. संशय घ्यायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. घरी तिचा रोजचा सराव चालू होता.

त्या सरावाचं नाव न्या ब्लासिदा, म्हणजे ब्लासिदाबाई. सुनिल्दाची आई गेल्यावर चार पावसाळे तिचा बाप, एमेतेरियो न्हावी, गुमान एकटा राहिला आणि मग एक दिवस शेजारच्या गावच्या या बाईला घरी घेऊन आला. कारापेग्वा गावात आंब्याखाली त्याचं दुकान, त्यामुळे गावाला बातमी द्यायला वेगळी दवंडी पिटावी लागली नाही. बाईने आधी दोन नवरे पोचवले होते. "दोन पचवलेत, तिसरा ताटात वाढून घेतलाय," असं शेजारणी म्हणायच्या आणि सुनिल्दाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. तिला ते पटायचं, कारण पटवून घ्यायची तिची तयारीच होती. ब्लासिदा वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती तशी वागायची नाही. कमी बोलायची, पहाटे उठायची, मांदियोकाचे कंद उकडायची, न्हाव्याचे पंचे धुवायची. इतकं सरळ कोण असतं, या विचाराने पोरगी आणखीनच जळफळायची.

त्या गुरुवारी प्रोफे शाल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी न्या तोमासा. साठी उलटलीय. जेवण जात नाही."

वर्गात उकाडा मी म्हणत होता. छताचा पंखा नुसता कुरकुरत होता. मागच्या बाकावरून नेहमीप्रमाणे तेरेरे, नळीने ओढायचं पाल्याचं पेय, फिरत होतं. देर्लिस थर्मासमधून थंड पाणी ओतायचा आणि शिंगाचा पेला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायचा. प्रोफेंची त्याला कधी हरकत नसे. कारापेग्वात तेरेरेला हरकत घेणारी शाळा अजून बांधायची आहे.

"मळमळतं का?" एकीने विचारलं.

"मळमळतं गं."

"न्या तोमासा, दिवस तर गेले नाहीत ना?" देर्लिसने विचारलं आणि वर्ग खिदळला.

"गेले बाबा, सगळे चांगले दिवस गेले," प्रोफे शालीतून म्हणाल्या. "पुढचा प्रश्न विचार."

हळूहळू निघत गेलं. हृदय कमजोर आहे. रोज सकाळी हृदयाची एक गोळी, डिगॉक्सिनची. अंगातलं पाणी उतरायला लघवीची एक गोळी. दोन्ही वेळच्या वेळी. पाय मध्ये सुजले होते, आता उतरलेत. पोटऱ्यांत गोळे येतात. शक्ती वाटत नाही.

"आणखी कुठलं औषध घेता?" सुनिल्दाने विचारलं.

"नाही गं पोरी, देवाशपथ."

"पाणी किती पिता?"

"पाणी? पाणी मी पीतच नाही."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. कुणी म्हणालं शरीर कोरडं पडलंय, कुणी म्हणालं जठर, कुणी यकृत. प्रोफेंनी शाल काढली, घाम पुसला आणि सगळ्यांकडे बघून मान हलवली. "नाही सापडली. न्या तोमासा पुढच्या गुरुवारी परत येईल, जगली तर."

सुनिल्दा घरी आली तेव्हा बाप आंब्याखाली गिऱ्हाइकाची हजामत करत होता. त्याचं जेवणाचं ताट चुलीपाशी झाकलेलं होतं, अर्ध्याहून अधिक तसंच.

"पपा जेवले नाहीत?"

"दोन घास खाल्ले," ब्लासिदा म्हणाली. "नको नको म्हणतात. उकाडा आहे."

"की चव नाही?"

ब्लासिदाने तिच्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. बाहेरून एमेतेरियोचा आवाज आला. तो रागावून गिऱ्हाइकाच्या गळ्यातला पंचा झटकत होता. "ब्लासिदा! हे काय धुतलंयस? पिवळाधमक पंचा! माणसं काय म्हणतील?"

"निळीत घातलाय हो काल."

"मग निळीचेही डोळे गेले म्हणायचे!"

सुनिल्दाने पंचा पाहिला नाही. पाहायची तिला गरज वाटली नाही. बाईला साधे पंचे धुता येत नाहीत, बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तेवढ्याने तिची संध्याकाळ बरी गेली.

बापाचं करायला तिच्याकडे एकच काम उरलं होतं, आणि ते ती कुणाला देत नव्हती. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती लाकडी उखळीत पाला कुटायची आणि त्याच्या तेरेरेच्या थर्मासमध्ये घालायची. आईही तेच करायची, याच उखळीत. पावसाळ्याच्या आधी त्याचे पाय सुजले तेव्हा कोपऱ्यावरच्या पालेवालीने तिच्या हातात घोडशेपूट नावाच्या पाल्याची जुडी ठेवली. "सूज पळेल बघ," ती म्हणाली होती. तशी ती पळालीही होती. मग ते रोजचंच झालं. बाप शिंगाच्या पेल्यातून पहिला घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तुझ्या आईचा हात." दिवसभरात सुनिल्दाला कुणी दुसरं काही बोललं नाही तरी चालायचं.

दुसऱ्या गुरुवारी न्या तोमासा आणखी खंगून आली.

"आज नवीन काय त्रास?"

"विचार की नीट. डोक्यात? पोटात? डोळ्यांत?"

"डोळ्यांत," सुनिल्दा म्हणाली.

"सगळं पिवळं दिसतं गं. चादर पिवळी, दूध पिवळं, सुनेचं पांढरं पोलकं पिवळं. सून म्हणते म्हातारीला वेड लागलंय."

वर्गात पानं उलटायला लागली. एकीला सापडलं आणि ती ओरडली, "डिगॉक्सिन अंगात चढलं! हृदयाची गोळी जास्त झाली की पिवळं दिसतं. मळमळ, भूक जाणं, सगळं जुळतं. नाडीही मंदावते!"

"शाब्बास," प्रोफे म्हणाल्या. "आता सांग, का चढलं? मी तर रोज एकच गोळी घेते."

पुढे काय बोलणं झालं ते सुनिल्दाने ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो पंचा होता. बापालाही तीच हृदयाची गोळी, तीच लघवीची गोळी. आणि रोज सकाळी दोन्ही त्याच्या तळहातावर कोण ठेवतं? न्या ब्लासिदा.

तास संपल्यावर ती प्रोफेंपाशी घुटमळली. "प्रोफे, न्या तोमासाला कुणी मुद्दाम जास्त गोळ्या देत असेल तर?"

प्रोफे शालीची घडी घालता घालता थांबल्या. "हा प्रश्न केसमधला आहे की घरातला?"

"केसमधला."

"घरातला असेल तर माझ्या वर्गात वेळ घालवू नकोस, माणसाला आजच दवाखान्यात ने."

"केसमधलाच आहे, प्रोफे."

"मग ऐक. संशय घेतलास ना, आता स्वतःला विचार, काय दिसलं म्हणजे माझा हा संशय खोटा ठरेल? याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर तो संशय नाही पोरी, नुसता राग आहे. रागाने कुणाचं निदान होत नाही."

सुनिल्दाने मान डोलावली आणि ते वाक्य शाळेच्या फाटकातच सोडून दिलं. तिला ब्लासिदाला रंगेहाथ पकडायचं होतं. बापाला लगेच दवाखान्यात नेलं असतं तर बाई सावध झाली असती. शिवाय बाप यायला तयार नव्हताच. "पोट बिघडलंय, बाकी काही नाही. राजधानीच्या डॉक्टरची तारीख आहे ना पुढच्या महिन्यात, तेव्हा बघू," असं म्हणून त्याने विषय कापला. तिनेही फार ताणलं नाही. हे पुढे तिला फार जड जाणार होतं.

तिने गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने बारीक खुणा केल्या. रोज संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून बघायची. रोज एकच गोळी कमी व्हायची. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, बाई निर्दोष आहे. सुनिल्दा म्हणाली, बाई पक्की आहे, दुसरी पट्टी लपवून ठेवलीय. ब्लासिदा बाजारात गेली की ती तिचं गाठोडं उचकायची. त्यात दोन झंपर होते, एक जपमाळ आणि दोन मेलेल्या नवऱ्यांचे दोन फोटो. फोटो बघून तिच्या अंगावर काटा आला. दोघेही चांगले धडधाकट दिसत होते.

शेवटी तिने जेवताना सरळ सांगून टाकलं. "उद्यापासून पपांच्या गोळ्या मी देणार."

"दे की," ब्लासिदा म्हणाली.

"रोज. न विसरता."

"बरं आहे, पोरी. माझं एक काम कमी."

बाप नुसता बसून होता, ताटातल्या चिपा पावाच्या तुकड्याशी खेळत. "मला काय, कुणीही द्या," तो म्हणाला. "भांडू नका म्हणजे झालं."

इतक्या सहजासहजी बाई मान्य करते म्हणजे पाणी मुरतंय, असं सुनिल्दाने ठरवलं. गोळ्या आता तिच्या ताब्यात होत्या. पण आधीच अंगात चढलेलं विष? ते धुऊन निघायला हवं. तिने पालेवालीकडून दुप्पट घोडशेपूट आणलं. "बापाला भरपूर लघवी व्हायला हवी," ती म्हणाली. "होणारच," पालेवाली म्हणाली आणि वर मूठभर पाला फुकट घातला. सुनिल्दा रोज सकाळी दातओठ खाऊन उखळीत घाव घालायची, जणू आत पाला नसून ब्लासिदाच होती.

आणि तरीही एमेतेरियो खालावत गेला. कात्री धरताना हात थरथरायचा. दुपारी गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत डोळे मिटून पडायचा. रात्रभर लघवीला उठायचा आणि पोटऱ्या धरून कण्हायचा. म्हणजे विष आता गोळीतून नाही, दुसऱ्या वाटेने येतंय. जेवणातून? पाण्यातून? सुनिल्दाला दुसरं काही सुचेनासं झालं.

मधला एक गुरुवार सुट्टीत गेला, आणि त्यानंतरच्या सोमवारी तिने ते पाहिलं. शाळेत निघाली होती, वही विसरली म्हणून मागे फिरली. मागच्या अंगणात पेरूच्या झाडापाशी ब्लासिदा पाठमोरी उभी होती. हातात बापाचा थर्मास, झाकण उघडं. शेजारी पाण्याची सुरई. पाऊल वाजताच ती दचकली, घाईघाईने झाकण लावायला गेली आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"काय करताय?"

"काही नाही. माशी पडली होती."

"थर्मासमध्ये माशी?"

"पडली होती गं," ब्लासिदा म्हणाली आणि मान खाली घातली. ती खोटं बोलत होती. हे ओळखायला नर्सिंग शिकावं लागत नाही.

मंगळवारी संध्याकाळी सुनिल्दाने आंब्याखाली तोंड सोडलं, शेजारणींच्या देखत. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा साबण घेऊन ऐकत राहिलं. "दोन खाल्लेत, माझा बाप नाही मिळणार तुम्हाला! काय घालत होतात त्या पाण्यात? बोला ना! सगळ्यांना कळू दे!"

"सुनिल्दा!" बाप ओरडला, पण आवाजात जोर नव्हता. तो उठायला गेला आणि परत बसला.

ब्लासिदा बोलायला तोंड उघडत होती. मग तिने सुनिल्दाच्या अंगावरच्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहिलं, कुंपणापाशी जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आत गेली, गाठोडं बांधलं आणि बहिणीच्या गावाच्या बसमध्ये बसली. जाताना एवढंच म्हणाली, "त्यांना रात्री एकटं उठू देऊ नकोस. पडतील."

"ते मी बघीन!" सुनिल्दा म्हणाली. तिला वाटलं होतं आता गार वाटेल. वाटलं नाही, पण ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. बुधवारी सकाळी तिने थर्मास गच्च भरला आणि समोर बसून बापाला शेवटच्या घोटापर्यंत पाजला. गुरुवारी सकाळी पुन्हा.

सुट्टीनंतरच्या त्या गुरुवारी न्या तोमासा मरायला टेकली होती. "आज शेवटचं विचारा पोरांनो, नंतर मी बोलायला असेन की नाही कोण जाणे."

वर्ग हैराण झाला होता. गोळी एकच, वेळेवर. सून जास्त देते का? नाही. स्वतः विसरून दोनदा घेता का? नाही. दुसरं औषध? देवाशपथ नाही. मूत्रपिंडं? तपासली, ठीक आहेत. सगळ्यांनी पानं मिटली. देर्लिसला अशा शांततेचा फार त्रास व्हायचा. त्याने पेला भरला, उठून पुढे गेला आणि वाकून प्रोफेंपुढे धरला.

"न्या तोमासा, तीन आठवडे बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल. घ्या एक तेरेरे."

सगळे हसले. रोग्याला कुणी पेला देत नसतं, आणि शालीतल्या प्रोफेंना तर कुणीच कधी दिला नव्हता. पण न्या तोमासाने तो दोन्ही हातांनी घेतला, नळीने एक घोट ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय रे? नुसता पुदिना? मुलाबाळांचं पेय. माझ्या पाण्यात घोडशेपूट असतं. रोज. भरपूर."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पुढच्या बाकावरची एकजण म्हणाली, "पण प्रोफे, आम्ही विचारलं होतं! दुसरं औषध घेता का विचारलं, तुम्ही देवाची शपथ घेतलीत!"

"तेरेरे औषध आहे का गं?"

ती वहीतलं उत्तर पुन्हा वाचायला लागली.

"मी पाणी किती पिता विचारलं होतं," सुनिल्दा म्हणाली.

"तेरेरे पाणी आहे का?" प्रोफेंनी शालीतून सगळ्यांकडे नजर फिरवली. "तेरेरे म्हणजे तेरेरे. तीन आठवडे तुमच्या हातात पेला आहे, माझ्या नाकासमोरून फिरतोय, आणि एकानेही मला विचारलं नाही की न्या तोमासा, तुमच्या थर्मासमध्ये काय असतं? तुमच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बगलेत थर्मास असणार आहे. तो स्वतःहून कधी सांगणार नाही. लपवतो म्हणून नाही, ते त्याला श्वास घेण्यासारखं वाटतं म्हणून. चला, सांगा आता. घोडशेपूट काय करतं?"

"पाणी काढतं."

"लघवीची गोळी काय करते?"

"तीही पाणी काढते."

"पाण्याबरोबर काय जातं?"

"पोटॅशियम," वर्ग एका सुरात म्हणाला. पोटऱ्यांतले गोळे, गेलेली शक्ती, सगळं जागच्या जागी बसत गेलं. पोटॅशियम गेलं की हृदयाची नेहमीची गोळीच विष होते. कुणीही एक कणसुद्धा जास्त दिलेला नसतो.

सुनिल्दा उभी राहिली होती. कधी उभी राहिली हे तिला कळलं नाही. "न्या तोमासा, तुमच्या पाण्यात पाला कुटून कोण घालतं?"

प्रोफे अजून शालीतच होत्या, केस अजून संपली नव्हती. "कोण घालणार?" त्या म्हणाल्या. "ज्याचा माझ्यावर सगळ्यांत जास्त जीव आहे, तोच."

सुनिल्दा वही, पिशवी सगळं टाकून पळाली. देर्लिसने विचारलं नाही, नुसती मोटारसायकल काढली.

एमेतेरियो दुकानातच होता, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. मान एका बाजूला कललेली, कपाळावर गार घाम. पायाशी थर्मास आडवा पडलेला, रिकामा. तिने मनगट धरलं. वर्गात शिकवलं होतं की अशा माणसाची नाडी घाईने मोजायची नाही, पूर्ण मिनिटभर मोजायची. ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब मिनिट होतं. एक ठोका यायचा, मग इतका वेळ काही नाही की ती देवाचं नाव घ्यायची, मग दुसरा यायचा.

बापाने डोळे उघडले आणि तिच्या गणवेशाकडे पाहिलं. "तुझे कपडेही पिवळे झाले," तो म्हणाला. "ब्लासिदा कुठाय?"

दवाखान्यात दाखल करून घेणारी नर्स चटपटीत होती. "काय काय औषधं चालू आहेत?"

"हृदयाची एक, लघवीची एक," एमेतेरियो पुटपुटला.

"आणखी काही?"

"नाही. काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. सुनिल्दाला क्षणभर वाटलं, गप्प राहावं. रक्त तपासतील, पोटॅशियम कमी दिसेल, सलाइन लावतील, बरा होईल. कारण कुणी विचारणारही नाही. ब्लासिदा गेलेली आहे आणि गावाला सगळं समजलेलं आहे. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला याचीच तिला शिसारी वाटली.

"त्यांच्या तेरेरेत घोडशेपूट असतं," ती म्हणाली. "कितीतरी महिने. गेल्या आठवड्यात दुप्पट केलं."

नर्सने लिहिता लिहिता वर पाहिलं. "तेरेरेत? बरं झालं सांगितलंत, कुणी सांगत नाही. कोण देतं त्यांना?"

"मी."

नर्सची नजर तिच्या गणवेशावर, खिशावरच्या शाळेच्या बिल्ल्यावर गेली. तिने तेही लिहून घेतलं. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

ब्लासिदाला फोन सुनिल्दानेच केला. पलीकडून एकच प्रश्न आला, "जिवंत आहेत ना?" आणि संध्याकाळच्या बसने ती आली, तेच गाठोडं घेऊन. बापाला सलाइन लागली होती, यंत्रावरची रेघ जरा बऱ्या चालीने पळत होती. ब्लासिदाने त्याचे पाय चादरीत गुंडाळले आणि बाहेरच्या बाकावर सुनिल्दाशेजारी येऊन बसली.

"त्या दिवशी पेरूपाशी," सुनिल्दा म्हणाली, "तुम्ही त्यात काही घालत नव्हतात."

"घालत होते. साधं पाणी." ब्लासिदाने गाठोड्याच्या टोकाने तोंड पुसलं. "अर्धं ओतून द्यायचे आणि वर साधं पाणी भरायचे. रोजचंच होतं ते. रात्रभर उठायचे गं ते, झोप नाही डोळ्याला. मला वाटलं जरा पातळ केलं तर माणूस झोपेल तरी. तू दुप्पट केलंस तेव्हा चव बघूनच कळलं, मग मी जास्त ओतायला लागले."

मंगळवारी संध्याकाळी ही बाई गेली, आणि बुधवारी तिने बापाला शेवटच्या घोटापर्यंत पाजलं. समोर बसून. प्रेमाने. "मला सांगायचं नाही का?" ती कशीबशी म्हणाली.

"काय सांगू? तू शिकलेली, उद्याची नर्स. तुझ्या आईची उखळी. मी कोण? म्हटलं, पोरीला वाईट कशाला वाटू द्या. तिने कुटावं, मी ओतावं, दोघींचं चाललंय."

तेव्हा मात्र सुनिल्दा रडली, अगदी नाक वाहीपर्यंत, दवाखान्याच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. ब्लासिदाने तिला जवळ वगैरे घेतलं नाही, तिला तसं जमायचं नाही. बाकावर थोडी सरकून तिच्यासाठी टेकायला भिंतीची जागा करून दिली.

चौथ्या दिवशी एमेतेरियोने तक्रार केली की ताटातला भात नुसताच पांढरा आहे, मीठच नाही. डॉक्टरांनी घरी सोडलं. तीच चटपटीत नर्स गोळ्यांची पाकिटं घेऊन आली आणि सवयीने गणवेशातल्या मुलीसमोर उभी राहिली. "नीट ऐका. ही सकाळी, आधी नाडी बघून. ही दुपारी. आणि तेरेरेत काय चालेल, काय नाही, तेही सांगते. घरी त्यांचं कोण बघतं?"

सुनिल्दा बाजूला झाली आणि मागे उभ्या असलेल्या ब्लासिदाला पुढे केलं.

"यांना सांगा," ती म्हणाली. "यांचं लक्ष असतं."